चाळीस सेंटचं पेट्रोल तेरा सेंटवर : इराणच्या इंधन सबसिडीचं प्रकरण

१९ डिसेंबर २०१० च्या मध्यरात्रीपासून इराणमधल्या पंपांवर दर बदलले. रेशनच्या कोट्यातलं पेट्रोल लिटरला १,००० रियालवरून ४,००० वर गेलं, कोट्याबाहेरचं ७,००० झालं. डिझेल १६५ रियाल होतं, ते कोट्यात १,५०० आणि कोट्याबाहेर ३,५०० झालं. गॅस, वीज, पाणी, रोटी, सगळंच वाढलं, आणि काही जिनसांचा दर वीसपटीपर्यंत गेला. तेव्हा डॉलरला साधारण १०,००० रियाल पडत. म्हणजे आदल्या रात्रीपर्यंत तिथं डिझेल आपल्या तेव्हाच्या रुपयांत लिटरला पाऊण रुपया होतं. त्याच महिन्यात आपल्याकडे ते चाळिशीच्या आसपास होतं.

तरीही तेहरान शांत राहिलं. जून २००७ मध्ये नुसतं रेशनिंग आलं, दर ८०० चे १,००० झाले, तर लोकांनी पंप पेटवले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये दर दीडपट झाला, तर देशभर गोळीबार झाला. मधल्या २०१० मध्ये कोट्यातले दर चौपट ते नऊपट वाढूनही लोकांनी ते गिळलं. अर्थशास्त्राच्या वर्गात हे प्रकरण सहसा इथवरच सांगतात आणि ‘रोख रक्कम दिली की सुधारणा पचते’ असं लिहून मोकळे होतात. मला खरं प्रकरण तिथून पुढे सुरू होतं असं वाटतं. दर वाढला, गरिबी कमी झाली, आणि काही वर्षांत सबसिडी होती तिथं परत आली. कोणत्याही सरकारनं तसा निर्णय घेतला नव्हता. धूर तर कमी झालाच नाही.

सोलापुरात बसून इराण का वाचायचा, हा प्रश्न आमच्या अभ्यासगटात पहिल्याच बैठकीत आला. गटात स्पर्धा परीक्षेची पोरं आहेत, दोन-तीन प्राध्यापक आहेत आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेल कारखानदार आहेत, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांचा माल आखातात जातो. ते म्हणाले, “सर, तिकडं डिझेल पाण्याच्या भावात हाय की ओ. आम्ही हितं युनिट-युनिट मोजायलाव.” मग वाचायला घेतलंच.

बजेटात नसलेली ओळ

अण्णांच्या वीजबिलात यंत्रमागाच्या सवलतीची रक्कम वजा होऊन येते. २७ अश्वशक्तीच्या खाली किती आणि वर किती, यावर दरवर्षी मोर्चे, निवेदनं, विधानसभेत प्रश्न, सगळं रीतसर होतं. ही रक्कम राज्य सरकार महावितरणला देणं लागतं आणि ती राज्याच्या अर्थसंकल्पात दिसते. शेतीपंपाचंही तसंच. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली, ती कुणाच्या तरी खात्यावर खर्च म्हणून पडते. ती योग्य की अयोग्य यावर भांडता येतं, कारण आकडा समोर आहे.

तेल पिकवणाऱ्या देशात हा आकडाच नसतो. राष्ट्रीय तेल कंपनी जमिनीतून तेल काढते, देशातल्या रिफायनरीला कागदोपत्री नाममात्र भावात देते, आणि पंपावर ते उत्पादनखर्चाच्या आसपास किंवा त्याहून खाली विकलं जातं. सरकारनं खिशातून काही काढलेलं नाही, त्यामुळे खर्चाची नोंद नाही. तेच पिंप बंदरावरून बाहेर विकलं असतं तर जे मिळालं असतं, ते मिळालं नाही, एवढंच. अर्थशास्त्रात याला अप्रत्यक्ष सबसिडी म्हणतात. इराणच्या २०१० च्या दरवाढीनं अशी किती सबसिडी एका रात्रीत कमी झाली, याचा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं हिशेब मांडला. तो वर्षाला ६० अब्ज डॉलरच्या जवळ, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १५ टक्के निघाला. एवढी मोठी रक्कम वर्षानुवर्षं संसदेत मतदानाला न येता वाटली जात होती. जास्त जळतं त्याला जास्त, हाच वाटपाचा नियम. तीन गाड्या आणि पोहण्याचा तलाव असलेल्याला सगळ्यात जास्त आणि गाढवावरून पाणी आणणाऱ्याला शून्य.

याला करांची बाजूही आहे. तेलावर राज्य चालतं तिथं सरकारला नागरिकांकडून कर मागायची फारशी गरज पडत नाही, आणि मागायला गेलं की लोक चिडतात. इराणनं २००८ मध्ये फक्त ३ टक्के मूल्यवर्धित कर आणला, तर इस्फहान आणि तेहरानच्या बाजारांनी दुकानं बंद केली आणि सरकारला तूर्त माघार घ्यावी लागली. (एलबीटीच्या, म्हणजे स्थानिक संस्था कराच्या वेळी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांनी काय केलं होतं ते आठवा, म्हणजे इस्फहानचा सराफ परका वाटणार नाही.) पण कर नाही म्हणजे करदात्यांची यादी नाही, आणि यादी नाही म्हणजे कोण गरीब, कोण श्रीमंत हे सरकारला ठाऊक नाही. ही गोष्ट पुढे फार महागात पडली.

आधी पैसे, मग दर

सबसिडी ‘लक्ष्यित’ करण्याचा कायदा जानेवारी २०१० मध्ये मंजूर झाला. वाढीव दरातून येणाऱ्या पैशाची वाटणी कायद्यातच लिहिली होती: ५० टक्के कुटुंबांना, ३० टक्के उद्योग आणि शेतीला यंत्रं बदलण्यासाठी व वाढीव खर्च झेलण्यासाठी, २० टक्के सरकारला.

गरिबांनाच द्यायचं असं आधी ठरलं होतं. त्यासाठी घरोघरचे फॉर्म भरून घेतले, लोकांनी आपापलं उत्पन्न लिहिलं, त्यावरून तीन गट पाडले. आपल्याकडची पिवळी, केशरी, पांढरी रेशनकार्डं डोळ्यांपुढे आणा. ज्यांना वरच्या गटात टाकलं त्यांनी आकांत केला, आणि खोटं कोण बोलतंय हे तपासायला प्राप्तिकराची धड नोंद नव्हती. शेवटी गट रद्द झाले आणि सरकारनं सांगितलं, जो अर्ज करील त्या प्रत्येकाला द्या.

मग जी युक्ती केली तिला मात्र दाद द्यायला हवी. कुटुंबप्रमुखाच्या नावानं बँकेत खाती उघडली. दरवाढीच्या काही आठवडे आधी त्यात पैसे जमा केले, पण खाती गोठवून ठेवली. पासबुकात रक्कम दिसायची, काढता यायची नाही. दर वाढले त्या रात्री खाती खुली झाली. दर वाढणार हे सगळ्यांना माहीत होतं, कधी ते माहीत नव्हतं, आणि तोवर लोक दरवाढीचीच वाट बघू लागले. पंपावर जास्त द्यावे लागण्याआधी हाती पैसे पडले. सुधारणेची इतकी नेटकी तयारी भल्याभल्या श्रीमंत देशांना जमलेली नाही.

रक्कम माणशी दरमहा सुमारे ४५ हजार ५०० तोमान, म्हणजे ४ लाख ५५ हजार रियाल. डॉलरमध्ये साधारण ४५. पाच माणसांच्या घराला महिन्याला जवळपास २३ लाख रियाल मिळू लागले. त्या वर्षीचं किमान वेतन महिन्याला ३० लाखांच्या थोडं वर होतं, त्याच्या पाऊणपट पैसे घरबसल्या. खेड्यातल्या गरीब घराला इंधनाचा जादा खर्च वजा जाऊनही बरंच उरत होतं. विषमता आणि गरिबी पहिल्या वर्षांत खरोखर उतरली. ‘फुकट पैसे दिले की लोक आळशी होतात’ हा पारावरचा आक्षेप तिथंही निघाला. अर्थतज्ज्ञ जावाद सालेही-इस्फहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं घरगुती पाहणीचे आकडे तपासले, तेव्हा लोकांनी काम सोडल्याचा पुरावा सापडला नाही.

पण वाटणीचं गणित पहिल्याच वर्षी बिघडलं. सात कोटींच्या वर माणसांना माणशी ४५ डॉलर म्हणजे वर्षाला ४० अब्ज डॉलरच्या घरात. वाढीव दरातून प्रत्यक्ष हाती येणारा पैसा त्याला पुरेना. मग उद्योगाचा ३० टक्के वाटा कुटुंबांकडे वळला, आणि तरी कमी पडलं ते मध्यवर्ती बँकेकडून उचललं. कारखानदाराचं बिल वाढलं आणि यंत्र बदलायला कबूल केलेला पैसा जवळजवळ आलाच नाही.

रियाल घसरला, दर तिथेच

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. नवे दर रियालमध्ये ठरवले होते, ठाम आकड्यात. दर ठरावीक काळानं आपोआप सरकेल असं सूत्र चालू झालं नाही. महागाई २०१०-११ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास होती, पुढच्या वर्षी २१ च्या वर, मग ३०, मग ३५ च्या जवळ. त्यात दरवाढीचा वाटा होता, छापलेल्या नोटांचा होता, आणि २०१२ पासून कडक झालेल्या अमेरिका-युरोपच्या निर्बंधांचा तर होताच. रियाल २०१२ च्या शरदात कोसळला. सुधारणेचा दुसरा टप्पा संसदेनं त्याच वर्षी अडवला. तो शेवटी एप्रिल २०१४ मध्ये आला (कोट्यात ७,०००, बाहेर १०,०००), २०१५ मध्ये सरसकट १०,००० झालं, आणि मग चार वर्षं काहीच हललं नाही.

मे २०१८ मध्ये अमेरिका इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडली, रियाल पुन्हा गडगडला. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका मध्यरात्री सरकारनं जाहीर केलं: महिन्याला ६० लिटरपर्यंत १५,००० रियाल, त्यापुढे ३०,०००. मिळणारा पैसा सहा कोटी लोकांना वाटू, असंही सांगितलं. लोक रस्त्यावर आले, इंटरनेट जवळपास आठवडाभर बंद पडलं, आणि अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं ३०० हून अधिक मृत्यूंची नोंद केली. इथं आधी पैसे आणि मग दर हा क्रम उलटा झाला होता. २०१० मध्ये पासबुक बोलत होतं, २०१९ मध्ये नुसतं आश्वासन, तेही नऊ वर्षांत विश्वास संपल्यावर.

आमच्या गटातल्या एका मुलीनं फळ्यावर मांडलेलं गणित इथं जसंच्या तसं देतो. २०१० च्या दरवाढीनंतरचं कोट्यातलं पेट्रोल ४,००० रियाल भागिले १०,०००, म्हणजे ४० सेंट. २०१९ च्या दरवाढीनंतरचं १५,००० भागिले खुल्या बाजारातले सुमारे १ लाख १५ हजार, म्हणजे १३ सेंट. रक्त सांडून वाढवलेला दर नऊ वर्षांपूर्वीच्या दराच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. आणि दरमहाची रोख रक्कम? तेच ४ लाख ५५ हजार रियाल, जे ४५ डॉलर होते ते चारच्या आत आले. २०२३ मध्ये डॉलर ५ लाख रियालपर्यंत गेला तेव्हा कोट्यातलं पेट्रोल तीन सेंटवर होतं.

म्हणजे महागाईनं दोन्ही बाजू खाल्ल्या. पंपावरची सबसिडी परत आणली आणि गरिबाच्या हातातली रोकड नाहीशी केली. २०१० मध्ये श्रीमंताकडून काढून गरिबाला दिलेलं हळूहळू उलट वाहत गेलं.

याच काळातली आपली डिझेलची गोष्ट शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. जानेवारी २०१३ पासून दर महिन्याला साधारण ५० पैसे वाढ, इतकी बारीक की सोलापूर-पुणे रस्त्यावरचे ट्रकवाले कुरकुरायचे आणि पुढे जायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये जागतिक भाव उतरलेले असताना दर सरकारच्या हातून सुटले. भारत तेल विकत घेणारा देश, त्यामुळे सबसिडी तेल कंपन्यांच्या तोट्यात आणि केंद्राच्या तुटीत लख्ख दिसत होती. ती बोचत होती म्हणून काढली गेली. शिवाय पुढे त्या दरावर अबकारी कर चढवून सरकारनं तोच कमाईचा मार्ग केला, हा वेगळा वादाचा विषय आहे, आणि आमच्या गटात तो झालाच.

धुराचा हिशेब

पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलमागे २.७ च्या जवळ. तेव्हा दर वाढला, खप उतरला, तर कार्बन त्या हिशेबानं कमी व्हायला हवा. पहिल्या काही महिन्यांत इराणमध्ये खप खाली आलाही. पण त्या आकड्यावर विसंबण्याआधी तीन शंका घ्यायला हव्यात.

पहिली तस्करीची. इराणचं पाऊण रुपयाचं डिझेल पिकअप गाड्यांतून पाकिस्तानच्या बलुचिस्तानात आणि तुर्कस्तान, इराकच्या सीमेपार जात होतं, अजूनही जातं. ते इराणच्या पंपावर विकलं गेलं म्हणून इराणचा खप म्हणून मोजलं जातं, धूर मात्र बलुचिस्तानातल्या क्वेट्ट्यात निघतो. दर वाढल्यावर तस्करी घटली की इराणचा खप कागदावर कमी होतो, पण क्वेट्ट्याची गाडी दुसरीकडचं डिझेल भरून चालूच राहते. दुसरी शंका याचीच मोठी आवृत्ती: इराणी माणसानं न जाळलेलं पिंप निर्यात होऊन दुसऱ्या देशात जळलं, तर हवेला काय फरक पडला? सरकारच्या तिजोरीला पडतो, हवेला नाही, जोवर एकूण जागतिक मागणी खरोखर घटत नाही. तेल देशांच्या सबसिडीवरचे बरेच लेख ही गोष्ट सोयीनं वगळतात.

तिसरी सगळ्यात वजनदार. इराणचा मुख्य इंधनस्रोत पेट्रोल नाहीच, नैसर्गिक वायू आहे. देशाच्या एकूण ऊर्जेत त्याचा वाटा दोन-तृतीयांशाच्या वर आहे. जगातले दुसऱ्या क्रमांकाचे वायूसाठे त्यांच्याकडे, घरोघर पाइप, आणि गॅस इतका स्वस्त की भिंतींना उष्णतारोधक थर कुणी लावत नाही. हिवाळ्यात घरं एवढा गॅस ओढतात की वीजकेंद्रांना पुरत नाही. मग ती केंद्रं माझूत जाळतात, म्हणजे रिफायनरीच्या तळाचं गंधकयुक्त काळं तेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये अराक, कराज आणि इस्फहानच्या केंद्रांत माझूत जाळणं थांबवलं, तर त्याची भरपाई म्हणून ठरवून भारनियमन करावं लागलं. दुसरीकडे तेलविहिरींवर वर येणारा वायू पकडायची यंत्रणा नसल्यानं तो तिथंच पेटवून देतात. वायू असा जाळून टाकणाऱ्या देशांत रशिया आणि इराकबरोबर इराण वर्षानुवर्षं पहिल्या तिघा-चौघांत आहे. एकीकडे गॅस नाही म्हणून माझूत, दुसरीकडे गॅस उघड्यावर जळतोय. पंपावरचा दर कितीही वाढवा, यातलं काही त्यानं हलत नाही.

गाड्यांचंही असंच. पायकान ही १९६० च्या दशकातल्या ब्रिटिश नमुन्यावरची गाडी २००५ पर्यंत बनत होती. प्राइड तर २०२० पर्यंत. आयात गाड्यांवर जबर कर, वर निर्बंध. चालकाकडे कमी पिणारी गाडी घ्यायचा पर्यायच नसेल तर महाग पेट्रोलनं तो फेऱ्या थोड्या कमी करील, नाहीतर सीएनजी किट बसवील. सीएनजीवरच्या गाड्यांचा ताफा म्हणूनच तिथं जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक झाला. तरीही पेट्रोलचा रोजचा खप २०१० च्या सुमारास सहा कोटी लिटरच्या आसपास होता, तो २०२४ पर्यंत ११ कोटींच्या पुढे गेला. निर्बंधांनी अर्थव्यवस्था आक्रसलेली असताना उत्सर्जन वाढत राहिलं. इराण आज सर्वाधिक कार्बन सोडणाऱ्या पहिल्या दहा देशांत आहे. पॅरिस करारावर त्यानं २०१६ मध्ये सही केली, पण मंजुरी दिलेली नाही.

यावर ‘तेलाचा देश म्हटला की असंच’ असं म्हणायची सोय नॉर्वेनं ठेवलेली नाही. तिथं १९९१ पासून कार्बन कर आहे आणि पंपावरचं पेट्रोल युरोपातल्या महागांपैकी एक. सौदी अरेबिया मधला. त्यांनी डिसेंबर २०१५ च्या शेवटी आणि मग जानेवारी २०१८ मध्ये दर वाढवले, दुसऱ्या वेळी ९१ ऑक्टेन पेट्रोलचा लिटर ०.७५ वरून १.३७ सौदी रियालवर नेला आणि त्याआधी महिनाभर कुटुंबांच्या खात्यात भरपाई सुरू केली. त्या वर्षी त्यांचं उत्सर्जन किंचित उतरलंही. सौदी रियाल डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे इराणसारखी महागाई दर खाऊन टाकत नाही. पण जुलै २०२१ मध्ये जागतिक भाव चढू लागताच राजाज्ञेनं पेट्रोलवर कमाल दर बसवला, ९१ ला २.१८. तिथून पुढे भाव चढले तेवढी सबसिडी आपोआप परत.

अण्णांचा आक्षेप

शेवटच्या बैठकीत मी म्हटलं, इराणनं दर महागाईशी किंवा डॉलरशी बांधला असता तर निम्मं दुखणं टळलं असतं. अण्णांना ते पटलं नाही. त्यांच्याकडे जुने साधे माग अजून चालतात. युनिटचा दर दोन रुपयांनी वाढला तर ते माग बदलणार नाहीत, बंद करतील, कारण नव्या रॅपियर मागाला लागणारं कर्ज त्यांना त्या दरात परवडत नाही. सवलत आहे म्हणून जुना माग चालतो, हे ते स्वतःच कबूल करतात. ती वीज येते त्या ग्रिडमध्ये फताटेवाडीच्या १,३२० मेगावॅटच्या कोळसा केंद्राची वीजही मिसळते, हेही त्यांना माहीत आहे. “सर, आधी माग बदलायला द्या, मग दर वाढवा. उलटं केलं की माणूसच संपतंय,” त्यांचं म्हणणं.

गटातल्या पोरांनी त्यांची बाजू घेतली आणि कायद्यातला तो न मिळालेला ३० टक्के वाटा पुढे केला. कुटुंबांना आधी पैसे दिले म्हणून ती शांत राहिली, मग कारखान्यांना, वीजकेंद्रांना, बस कंपन्यांना आधी का नाही? मला यातलं निम्मं मान्य आहे. पण इराणमध्ये तो पैसा दिला असता तरी २०१२ नंतर नवी टर्बाइन, नवी इंजिनं, वायू पकडायचे कॉम्प्रेसर त्यांना विकलं कुणी असतं? निर्बंधांनी ते दार बंद होतं. सोलापूरला ती अडचण नाही. इथं यंत्र विकणारा दारात उभा आहे, अडतं ते तारणावर आणि व्याजावर. म्हणून पुढच्या बैठकीसाठी अण्णांकडून मागच्या वर्षाची वीजबिलं मागितली आहेत. सवलतीची वर्षभराची बेरीज करून त्याच रकमेत किती मागांचा हप्ता फिटतो, हे मांडून बघायचं ठरलंय.